एका दमात एकच शब्द

बहुतेक खेळांत खेळताना तोंड उघडायची गरज नसते. कबड्डीत असते. समोरच्या अंगणात पाय टाकण्याआधी चढाई करणाऱ्याने 'कबड्डी, कबड्डी' म्हणायला सुरुवात करायची, ते पंचांना स्पष्ट ऐकू जायला हवं आणि परत येईपर्यंत एका श्वासात चालू राहायला हवं. आवाज तुटला की पंच परत पाठवतात. म्हणजे बोलत राहणं ही इथे मैदानात असण्याचीच अट आहे. फक्त शब्द ठरलेला आहे, दुसरा चालत नाही.

मी अकरा वर्षं हा खेळ खेळले, आधी जिल्ह्याकडून, मग राज्याकडून. चढाई हे माझं काम. मराठीत 'दम' हा शब्द श्वासासाठी वापरतात आणि धमकावण्यासाठीही. दम टिकवायचा असतो, दम लागतो आणि दम दिलाही जातो. खेळत होते तेव्हा या जुळणीकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता जातं.

खेळाडूच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की समोरून एक उत्तर हमखास येतं: 'शिस्त नको का?' हवी. मला तर ती मनापासून आवडायची. पंचांचा निर्णय पटला नाही तरी हुज्जत घालायची नाही, डावाचं नियोजन बाहेर फोडायचं नाही, साखळी धरलेली असताना 'आत्ता नको' अशी खूण आली की स्वतःची हौस बाजूला ठेवायची. यातलं काहीही मला जाचक वाटलं नाही, कारण त्याचा उपयोग डोळ्यांसमोर दिसत होता. महिलांचं कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. त्या 96 चौरस मीटरमध्ये शिस्तीला अर्थ आहे. प्रश्न सुरू होतो तो रेषेबाहेर. तीच शिस्त शिबिरातल्या जेवणाला, झोपायच्या खोलीला, प्रवासखर्चाच्या हिशेबाला आणि निवडीच्या बैठकीला लावली जाते तेव्हा.

शिबिर सुरू होताना आम्हाला एक छापील कागद सहीसाठी मिळायचा. निवड समितीचा निर्णय अंतिम राहील, खेळाडू परवानगीशिवाय प्रसारमाध्यमांशी बोलणार नाही, अशी त्यात कलमं असत. सही सगळ्याच करायच्या, वाचायच्या थोड्याच. एका वर्षी शिबिर एका शाळेत होतं. आम्ही वीसजणी वर्गांत सतरंज्यांवर झोपत होतो. न्हाणीघरं दोन, त्यातल्या एकाला आतून कडी नव्हती. एक मुलगी अंघोळीला गेली की दुसरी दारात उभी राहायची. मी हे संघटनेच्या बैठकीत सांगितलं. चार दिवसांनी गावातल्या एका वार्ताहराने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी कडी बसली. पुढच्या वर्षी बाराजणींच्या यादीत माझं नाव नव्हतं.

एका पदाधिकाऱ्यांना कारण विचारलं. ते हसून म्हणाले, "अगं, फॉर्म नव्हता तुझा."

माझी खरी अडचण इथून सुरू होते. कारण त्या वर्षी माझा उजवा गुडघा दुखत होता. माझ्या जागी आलेली मुलगी चपळ होती, बोनस घ्यायला माझ्यापेक्षा तयार होती. मला बोलल्याबद्दल वगळलं की खेळ कमी पडला म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. शिक्षा झाली असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. निवड न होणं ही शिक्षा नसते. तिला आदेश नसतो, तारीख नसते, सहीही नसते.

याच कोड्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पीटर नॉर्मन. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमधलं ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. 200 मीटर शर्यतीच्या पदकसमारंभात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावून उभे आहेत. त्या दोघांना स्पर्धेतून परत पाठवण्यात आलं. त्यांची शिक्षा उघड होती. रौप्यपदकाच्या पायरीवर उभा असलेला गोरा ऑस्ट्रेलियन म्हणजे नॉर्मन. त्याने मूठ उंचावली नाही, भाषण केलं नाही. त्या दोघांच्या छातीवर होता तसाच मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला त्याने स्वतःच्या छातीवर लावला, एवढंच. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याला नेलं नाही. त्याने पात्रतेच्या वेळा नोंदवल्या होत्या असं एक बाजू सांगते. निवड चाचणीत तो तिसरा आला, तेव्हा यात शिक्षेचा संबंध नाही, असं दुसरी बाजू सांगते. त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, 2012 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली. तिथल्या ऑलिंपिक समितीने मात्र त्याला शिक्षा झाली होती हेच नाकारलं. मेक्सिकोत त्याने 20.06 सेकंदांची वेळ नोंदवली होती. ऑस्ट्रेलियाचा तो राष्ट्रीय विक्रम 2024 च्या डिसेंबरपर्यंत कुणाला मोडता आला नाही.

ज्याच्या वेगाला घड्याळाची साक्ष आहे, त्याच्या बाबतीतही आपल्याला नक्की सांगता येत नाही. मग ज्या खेळात घड्याळच नाही त्याचं काय? धावपटूकडे निदान सेकंद असतात, भालाफेक करणाऱ्याकडे मीटर असतात. कबड्डी, खो-खो, हॉकी अशा सांघिक खेळांत तुमची लायकी म्हणजे चार-पाच माणसांचं मत. त्या माणसांना तुमचं तोंड बंद करायची गरजच पडत नाही. तुम्ही ते आपणहून बंद ठेवता. शिवाय सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी जी प्रमाणपत्रं लागतात, त्यांची वाटही संघटनेच्या दारावरूनच जाते. शेतमजुराच्या किंवा गिरणी कामगाराच्या घरातून आलेल्या मुलीला कबड्डीतून दिसणारा रस्ता नोकरीचाच असतो. माझे प्रशिक्षक भला माणूस. ते मला म्हणाले होते, "बाळ, आत्ता गप्प बस. नोकरी लागू दे, मग काय ते बोल." जुन्या प्रमाणपत्रांवर नोकरी लागली आणि तिच्याबरोबर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आले. सरकारी धोरणावर जाहीर टीका करायची नाही, हे त्यात आलंच. 'मग' कायम एक पाऊल पुढे सरकत राहतं. आता मी त्या नोकरीत नाही.

राज्यघटनेकडे बघावं तर ती उदार आहे. अनुच्छेद 19 भाषणस्वातंत्र्य देतो आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी बंधनं घालता येतील त्याची यादीही देतो: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. 'संघटनेची प्रतिमा' त्या यादीत नाही. पण हा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचा असतो. 2005 मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही घटनेच्या अर्थाने राज्यसंस्था नाही. उच्च न्यायालयाचा दरवाजा तरीही उघडा राहतो, पण जिल्हा संघातली मुलगी न्हाणीघराच्या कडीसाठी तिथवर जाईल का?

2023 मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. तेव्हाही शिस्तीचा मुद्दा निघाला. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी रस्त्यावर बसण्याला बेशिस्त म्हटलं. तक्रार नेण्याची दुसरी वाट कितपत मोकळी होती, ही चर्चा मागे पडली. 28 मे रोजी पोलिसांनी खेळाडूंना रस्त्यावरून उचललं, ती दृश्यं देशाने पाहिली. मला त्या दिवसांत एकच गोष्ट सलत होती. पुढे बसलेल्या या तिघांकडे ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेची पदकं होती. ती होती म्हणून कॅमेरे आले. बोलण्याचा हक्क जन्माने मिळतो असं आपण शाळेत शिकतो. खेळात तो पदकाबरोबर मिळतो, आणि तेव्हाही पुरतोच असं नाही. मग ज्यांच्याकडे राज्य स्पर्धेचा एखादा पितळी करंडक आहे त्यांनी काय करायचं?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अलीकडे लोक खेळाडूंना उलट्या बाजूनेही घेरतात: अमुक घटनेवर तू गप्प का? मला हेही मान्य नाही. 1986 मध्ये केरळमधल्या तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाषणस्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेपोटी ते गात नसत. एखादी खेळाडू प्रत्येक प्रश्नावर मत देणार नसेल तर तो तिचा हक्क आहे. पण गप्प राहणं आणि गप्प बसवलं जाणं या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. बोलण्याची किंमत शून्य असेल तरच गप्प राहण्याला काही अर्थ उरतो.

आता मला जे म्हणायचं आहे ते. खेळाडूंना बोलू द्यावं ते त्यांच्या भल्यासाठी, असा सूर नेहमी असतो. माझं म्हणणं असं की ते आधी खेळाच्या भल्यासाठी आहे. खेळाची सारी प्रतिष्ठा एका वचनावर उभी आहे: जो चांगला खेळेल तो आत येईल. जिथे तक्रार करणारी बाहेर जाऊ शकते, तिथे या वचनात भेसळ होते. ती भेसळ वगळलेल्यांपुरती राहत नाही. जी निवडली गेली तिलाही कळत नाही की आपण खेळलो म्हणून आत आहोत की गप्प राहिलो म्हणून. माझ्या जागी आलेली ती मुलगी खरोखर चांगली होती. तिला ते निर्विवादपणे ऐकायला मिळायला हवं होतं, आणि मलाही. माझा गुडघा हरला असेल तर मला गुडघ्याकडून हरायचं होतं. ते साधं, स्वच्छ हरणं मला मिळालं नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात खेळाडूंच्या समित्यांची आणि क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. ती जिल्ह्यापर्यंत कधी आणि किती झिरपेल ते बघायचं. तोवर निवडीचे निकष आधी लिहून लावणं आणि वगळलेल्या खेळाडूला चार ओळींत कारण देणं, याला कायदा लागत नाही. कारण लिहून द्यावं लागलं की सूड घेणं अवघड होतं.

मी आता रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या मंडळात मुलींना शिकवते. एक वही ठेवली आहे. कुणाच्या किती चढाया, किती यशस्वी, किती पकडी, सगळं त्यात लिहिते, आणि सात जणींची नावं ठरली की वही सगळ्यांसमोर वाचते. गेल्या महिन्यात वगळलेली एक आठवीतली मुलगी उभी राहिली. "ताई, नुसत्या पकडी मोजून कसं चालेल? मी कोपऱ्यात उभी असते म्हणून चढाईवाली तिकडे येतच नाही. ते कुठे लिहिलंय?" आम्ही सगळ्याजणी पंधरा मिनिटं भांडलो. त्या आठवड्यात तिला सातांत जागा मिळाली नाही. पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन मैदानाला पाणी मारत होती.