विरक्तांची रम्य स्थळे

ज्यांनी गृह, वित्त आणि इंद्रियांचे समस्त विलास यांचा त्याग केला, त्यांनी आपल्या निवासासाठी डोंगराच्या कुशीतली, निर्झरांच्या सान्निध्यातली, नेत्रांना सुखविणारीच स्थाने का हेरावीत, हा प्रश्न खानदेशच्या दक्षिण सरहद्दीवरून श्रावणात प्रवास करणाऱ्याला पडल्याखेरीज राहत नाही. जळगावहून फर्दापूरमार्गे अजिंठ्यास जावे, तो वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर लेणी आणि त्यांच्या शेवटाशी सातकुंडाचा प्रपात. चाळीसगावहून पाटणादेवीस जावे, तो देवीच्या रानात केदारकुंड आणि धवलतीर्थ, आणि त्याच सातमाळ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी, जिथे पावसाळ्यात ओढा कड्यावरून कोसळत असतो. मोटार रस्त्याशी उभी करून थोडकी पायवाट तुडविणारी जी मंडळी हल्ली दर रविवारी तिथे लोटते, तिला या प्रश्नाशी कर्तव्य नाही; स्थळ रम्य आहे म्हणून आलो, एवढे तिला पुरते. पण वैराग्याला रम्यतेची गरज का पडावी?

एक उत्तर भूगोलाचे आहे. ओढा काळा पाषाण कापीत जातो, तेव्हा छिन्नीला हवा तसा उभा, अभंग कडा उघडा पडतो. पिण्याच्या पाण्याची सोय आपोआप होते. आणि घाटवाटा डोंगरातल्या अशाच खिंडारांचा आश्रय घेत असल्यामुळे प्रतिष्ठानाहून खानदेशात उतरणारे व्यापारी तांडेही जवळून जातात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरू लागलेल्या पितळखोऱ्यातील लेखांत दात्यांचा नामनिर्देश आहे: पैठणच्या गांधिक कुळातला मितदेव, राजवैद्य मगिल, आणि तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव. गंध, रस आणि स्पर्श यांचा मोह सोडलेल्या भिक्षूंसाठी सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने स्तंभ करवून द्यावेत, यातला विनोद त्या काळी कोणाच्या ध्यानी आला होता की नाही, कोण जाणे! पुढे पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, तेव्हाही मामला हाच होता. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या, १२०७ च्या सुमाराच्या तिथल्या शिलालेखाच्या मराठी भागात, पाटणच्या पेठेत विक्रीस मांडलेल्या मालावरील राजाचा हिस्सा मठाला लावून दिल्याची नोंद आहे. अरण्यातल्या विद्येचा संसार जकातीवर चालत होता. बौद्ध विनयग्रंथांनाही यात काही वावगे वाटलेले नाही. विहाराचे स्थान गावापासून फार दूर नसावे, फार जवळ नसावे, येणाऱ्याला सोयीचे आणि रात्री निःशब्द असावे, अशीच त्यांची अपेक्षा.

परंतु भूगोलाने लेण्याची उपपत्ती लागते, शास्त्रवचनांची लागत नाही. श्वेताश्वतर उपनिषदाचा दुसरा अध्याय योगाचे स्थान सांगताना जलाचा नाद, वाऱ्यापासून आडोसा देणारी गुहा, मनाला अनुकूल आणि डोळ्यांना न खुपणारी भूमी यांचा स्पष्ट उल्लेख करतो. आणि ज्ञानेश्वरांनी तर सहाव्या अध्यायात त्या स्थळाचे असे वर्णन केले आहे की, वाटेने सहज आलेल्या विलासी पुरुषालाही तिथून परतण्याचे भान राहू नये. मला या वर्णनाचे मर्म तिथल्या झाडापाण्यापेक्षा त्या परतणे विसरण्यात दिसते. रम्यतेचे तिथे एक नेमून दिलेले काम आहे, ते म्हणजे भटकणाऱ्याला खाली बसविणे. जे काम स्थळाच्या मोहाने होते, तेच बुद्धाने नियमाने करून घेतले: पावसाळ्यात भिक्षू हिंडले तर कोवळे तृण आणि क्षुद्र जीव पायांखाली चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तेव्हापासून आठ महिने चालणाऱ्यांना वर्षावासात एका जागी राहण्याची ताकीद झाली. आपण नेमके उलटे करतो. आठ महिने खुर्चीवर बसतो, आणि ज्या ऋतूत त्या गुंफांतले लोक पाऊल उचलीत नसत, त्याच ऋतूत त्यांच्या दारावरून धावत जातो.

यावर कोणी म्हणेल की, खऱ्या साधकाला स्थळ लागतच नाही, आणि दाखला म्हणून धुळ्याचे कारागृह पुढे करील. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, म्हणजे खानदेशच्या ऐन उन्हाळ्यात, विनोबांनी त्या भिंतींच्या आत गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तिथे ना निर्झर, ना गुहा. दाखला बिनतोड आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बाध आणीत नाही. त्या श्रोत्यांना सरकारनेच बसविले होते! ज्याला ना सक्तमजुरी, ना संघाचा नियम, अशा आपल्यासारख्या संसारी माणसाला बसविण्यासाठी पाण्याच्या नादाखेरीज दुसरा उपाय उरत नाही, आणि तोही आपण छायाचित्र काढून होताच झिडकारतो. त्यामुळे रम्य स्थळी जाणे हा भोग की साधना, याचा निवाडा स्थळावर होत नाही. आपण तिथे किती वेळ काही न करता राहिलो, यावर होतो.

पाटणादेवी, पितळखोरे आणि अजिंठा एका दिवसात उरकता येतात, असे गाड्या भाड्याने देणारे सांगतात, आणि अंतराच्या हिशेबाने ते खोटेही नसेल. वाचकाने त्यांपैकी एकच निवडावे, चाळीसगावास मुक्काम करावा, आणि ओढ्याला पाणी चढलेले दिसले तर पलीकडे जाण्याचा हट्ट न धरता अलीकडच्या काठावरच बसावे.