मरण आधी दिसणारे पोर

बाळाच्या पाचवीला रात्री सटवीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती येते आणि बाळाच्या आयुष्याची दोरी किती, ते कपाळी लिहून जाते, अशी श्रद्धा महाराष्ट्रभर आहे. मरण लिहून ठेवलेले आहे असे एकदा मानले की ते वाचता येणारा कुणी असेल, हेही सहज पटते. मग एखादे चौदा-पंधरा वर्षांचे पोर ‘आजोबा आता राहत नाहीत’ म्हणते, आठवड्याभरात आजोबा जातात आणि पोर काळ्या जिभेचे ठरते.

अशी दृष्टी असते का? परंपरेने ती नाकारलेली नाही. अरिष्टांवरून, म्हणजे मरणसूचक चिन्हांवरून, मृत्यू कळतो, असे पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात म्हटले आहे. पण सिद्धी या समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, हा इशाराही त्याच पादात येतो. चरकसंहितेतले इंद्रियस्थान तर बारा अध्याय याच विषयाला देते. रोग्याचा वर्ण, स्वर, गंध, छाया, स्वप्ने यांतल्या बदलांवरून मरण जवळ आल्याचे वैद्याने ओळखावे. आणि ओळखल्यावर? विचारल्याशिवाय बोलू नये, आणि ऐकून रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला दुःख होणार असेल तर विचारल्यावरही बोलू नये. शास्त्राने जाणण्यापेक्षा जपण्याला मोठे मानले, ते असे.

आजारी माणसाजवळ वावरणाऱ्या पोरालाही पायावरची सूज, सुटलेले अन्न, बदललेला श्वास दिसतो. त्याला त्याचे नाव सांगता येत नाही एवढेच. त्यात चमत्कार नाही, लक्ष आहे.

उरलेले काम आपली आठवण करते: घटना घडून गेल्यावर जुळलेले तेवढेच ती धरून ठेवते. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसाखाणीचा ढिगारा कोसळला आणि १४४ माणसे गेली, त्यातली ११६ मुले होती. त्यांतल्या दहा वर्षांच्या एका मुलीने आदल्या दिवशी आईला सांगितले होते, की शाळेवर काळे काहीतरी आलेले स्वप्नात दिसले. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बार्कर यांनी वर्तमानपत्रातून आवाहन केले, तेव्हा आपल्यालाही आधी चाहूल लागली होती असे सांगणारी ७६ पत्रे आली. सगळी घटनेनंतरची. म्हणून १९६७ मध्ये त्यांनी भाकिते आधीच नोंदवून घेण्याची सोय केली. नोंदवलेली बहुतेक भाकिते चुकली.

भाकितांची अशीच पारख आपल्याकडेही झाली. पुण्यात २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका होत्या. कोणती कुणाची ते ओळखायचे. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून आले असते त्याहूनही थोडे कमीच.

तरी समजा, एखाद्याला मरण खरेच दिसले. ते अटळ असेल तर सांगून भीतीखेरीज काही हाती लागत नाही, आणि टळणारे असेल तर जे दिसले ते भविष्य नव्हतेच. सत्यवान वर्षभरच जगेल हे नारदांनी आधी सांगितले होते. सावित्रीने तरीही त्यालाच वरले, त्या वर्षभर संसार केला आणि शेवटी यमाला माघार घ्यायला लावली. कठोपनिषदातला नचिकेत तर कोवळ्या वयात यमाच्या दारी बसला होता. कोण कधी मरणार, हे त्याने विचारले नाही. मेल्यावर माणूस उरतो की नाही, हे विचारले. मृत्यूविषयीचा मोलाचा प्रश्न तोच आहे, आणि त्याला तारीख लागत नाही.

काळ्या जिभेच्या पोराची मात्र खरी हानी होते. आधी दर्शनाला रांग लागते, मग गावात कुणी दगावले की बोट त्याच्याकडेच वळते. प्रत्येक मरण आपल्यामुळेच आले, असे त्यालाही वाटू लागते. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचा भास निर्माण करून लोकांना भीती घालणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. त्या पोराभोवती दुकान थाटणाऱ्या मोठ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि आईबापांनी त्याला देवळासमोर बसवू नये. जवळ घ्यावे, काय दिसते आणि कशाची भीती वाटते ते ऐकावे. झोप उडाली असेल, भास होत असतील तर डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.