शेष आणि अवशेष

देवापुढे ठेवलेल्या नैवेद्यातून जे उरते त्यास आपण 'शेष' म्हणतो आणि मस्तकी लावून ग्रहण करतो. कीटकनाशक फवारल्यावर धान्यावर जे उरते त्यासही शास्त्राच्या परिभाषेत 'अवशेष' असेच नाव आहे. शब्द एकाच कुळातले. परंतु एक आपण हात पुढे करून मागून घेतो, दुसरा न मागता पदरी पडतो. या दुसऱ्याची मर्यादा कोण व कशी ठरवितो, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नव्हे.

पुष्कळांची समजूत अशी की, कायद्याची मर्यादा म्हणजे अलीकडे आरोग्य व पलीकडे विषबाधा अशी रेषा. वस्तुतः तसे नाही. प्रथम प्राण्यांना ते द्रव्य दीर्घकाळ खाऊ घालून, ज्या मात्रेने अपाय दिसत नाही ती मात्रा शोधतात. तिला बहुधा शंभराने भागतात. प्राणी व मनुष्य यांतील भेदासाठी दहा आणि मनुष्यामनुष्यांतील भेदासाठी दहा. जन्मभर रोज पोटात गेले तरी चालेल असे प्रमाण ते हे. पण धान्यावरील मर्यादा यातून निघत नाही, ती शेतातून निघते. शिफारशीप्रमाणे फवारणी केली असता काढणीच्या वेळी पिकावर किती उरते ते मोजून आकडा ठरवितात, आणि लोकांच्या रोजच्या आहारात तो पहिल्या प्रमाणाआड येत नाही ना, हे मग ताडून पाहतात. म्हणजे ही मुख्यतः शेतीच्या शिस्तीची मोजपट्टी आहे.

म्हणूनच ती हलू शकते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, ज्या कीटकनाशकांची मर्यादा येथे ठरलेली नाही त्यांच्यासाठी मसाल्यांपुरती किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा ०.१ केली. दसपट वाढ म्हणजे दसपट विषबाधा नव्हे, हे खरे. तथापि ज्याच्या ताटात हे पडते त्याला कोणी विचारले? 'स्वीकार्य' हा शब्द कर्मणी आहे, त्यात स्वीकारणारा दिसत नाही. शिवाय हिशेब बहुधा एकेका द्रव्याचा होतो आणि ताटात ती अनेक एकत्र येतात.

इंदूरकरांना या विषयाची एक वेगळी बाजू जवळची वाटावी. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. त्यांची कंपोस्टची रीत 'इंदूर पद्धत' म्हणूनच जगाला ठाऊक झाली. कीड ही शत्रू नसून सदोष मशागतीची खूण आहे, असे त्यांचे मत. सर्वच शेती त्या मताने चालेल असे मला वाटत नाही. परंतु किती उरले तर चालेल, याच्याआधी मुळात फवारावे का, हे विचारण्याचे धैर्य त्यात आहे.

आणि मर्यादेच्या हिशेबात एक मनुष्य मुळीच येत नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर १९६८चा कीटकनाशक कायदा झाला. तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी व मजूर प्राणास मुकले. ते खाणारे नव्हते, पिकविणारे होते. कपाशीच्या सरकीचे तेल मर्यादेत उतरले असते, तरी त्या आकड्यात त्यांच्या श्वासाची नोंद कोठेच झाली नसती.