घाटाखालची पवनी

वाघ बघायला निघालेल्या जिप्सी भल्या पहाटे कऱ्हांडल्याच्या फाटकावर रांगेत लागतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या नावात पवनी आहे, पण पवनी गावात उतरतं कोण? जुन्या परकोटातून आत शिरून, घाटाच्या पायऱ्या उतरून वैनगंगेपर्यंत जाणारे मोजकेच.

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. मासेमारी मात्र पिढ्यानपिढ्यांची, ढिवरांची. डोंग्याच्या टोकावर ढिवर उभा राहतो. जाळ्याची दोरी मनगटाला, अर्धी घडी खांद्यावर, एक कड दातात. कमरेतून गिरकी घेतो, जाळं हवेत गोल उघडतं आणि काठाला ओवलेलं शिसं सरसरत पाण्यात उतरतं. मग तो थांबतो. जाळं तळाला टेकेपर्यंत दोरी ओढायची नसते. घाई केली की मासा खालून निसटतो.

या काठावरची वस्ती फार जुनी. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. एका शिल्पावर मुचलिंद नाग आहे, पावसात बुद्धावर फणा धरणारा. पूर पाहिलेल्या नदीकाठच्या माणसांना तो किती जवळचा वाटला असेल!

आता नदीचं पाणी वरच्या गोसीखुर्द धरणाच्या हाती आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणानं शेतांना पाणी दिलं, तशी नदीची चालही बदलली. पूर्वी आभाळ बघून जाळं काढायचं. आता दरवाजे किती उघडले, याचीही खबर ठेवावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सगळे ३३ दरवाजे उघडले आणि काठच्या गावांत पाणी शिरलं. अशा पुरानंतर शेताचा पंचनामा होतो, आणि तो व्हायलाच हवा. वाहून गेलेल्या डोंग्याचा, फाटलेल्या जाळ्याचाही तितक्याच तातडीनं व्हायला हवा. ढिवराचं शेत तेच.

घाटावर ऊन येईतो बायका टोपल्या घेऊन बाजाराकडे निघतात. टोपलीत रोहू, थोडे झिंगे, आणि ओल्या फडक्याखाली अजून हलणारी मरळ. हवेतूनही श्वास घेणारा हा मासा बाजारात जिवंतच पोचतो. गिऱ्हाईक फडकं बाजूला सारून आधी तीच बघतं.