दैव पाचवं आहे



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४.

कुठलंही कर्म घडतं त्याची पाच कारणं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण त्यातल्या क्रमाकडे लक्ष गेलं ते मागच्या रविवारी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

भाईंदरमधली आमची बिल्डिंग तीस वर्षांची झाली. खाली स्टिल्ट पार्किंग, दोन कॉलमना तडे, एकाची तर गंजलेली सळई दिसते. स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला. खर्च ऐकून एक काका म्हणाले, "अहो, भूकंप व्हायचा तेव्हा होणारच. देवाच्या मनात असेल तसं." सगळे हसले. यंदा रंगकाम, ऑडिट पुढच्या वर्षी, असं ठरलं. हात मीही वर केला. रात्री हरिपाठाला बसलो, पण मन काही लागेना.

डोक्यात किल्लारी होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चारही वाजले नव्हते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबादमधली गावंच्या गावं ढिगारा झाली, हजारो माणसं गेली. बाप्पाला निरोप देऊन झोपलेल्यांवर हे का यावं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि "त्यांचं कर्म" असं म्हणणाऱ्यांपासून मी लांबच राहतो.

पण दुसरा प्रश्न विचारता येतो. माणसं गेली कशाने? जमीन हलल्याने कमी, भिंती पडल्याने जास्त. जाडजूड दगडी भिंती, आत मातीचा गारा, आतला-बाहेरचा थर बांधून ठेवणारे लांब दगड नाहीत, वर मातीचं जड धाबं. यात गावकऱ्यांचा दोष नाही. जे परवडलं, जे माहीत होतं, तसं त्यांनी बांधलं. आदल्या वर्षी लहान धक्केही बसले होते. पण त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

२००१ साली भुजमध्ये सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं. जखमींना जिथे न्यायचं, तीच इमारत! म्हणूनच आपल्या भूकंप कोडमध्ये हॉस्पिटल, शाळा अशा इमारती नेहमीच्या दीडपट बलासाठी डिझाइन करायला सांगितल्यात.

जमीन कधी हलेल, हे दैव. ते पाचवं. पहिली चार मात्र आपल्या अंगणात आहेत. किल्लारीच्या लोकांना ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक आहे. मुंबई-ठाणे झोन तीनमध्ये येतं, आणि खाली भिंती नसलेला मोकळा मजला भूकंपात आधी दगा देतो, हेही. ठाऊक असूनही "देवाची इच्छा" म्हणणं ही शरणागती नव्हे. आपला आळस देवाच्या नावावर खपवणं आहे.

याची दुसरी बाजूही आहे. याच अध्यायात पुढे भगवंत सांगतात की फक्त स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला खरं दिसत नाही. म्हणजे ऑडिट केलं, कॉलम दुरुस्त केले, म्हणून आपण अमर झालो असंही नाही. पाचवं कारण उरतंच. तिथे हात जोडायचे. पण चार कामं करून झाल्यावर.

आणि मला वाटतं, कॉलमची दुरुस्ती हे निष्काम कर्माचं सगळ्यात साधं उदाहरण आहे. रंग लावला की लोक वाहवा करतात. मजबूत केलेल्या कॉलमचं फळ काय? काहीच घडत नाही. कोण वाचलं, हे कुणाला कळतही नाही.

आज सकाळी सेक्रेटरी काकांना मेसेज केला: "काका, मी माझं मत बदलतोय. ऑडिट आधी करू. माझ्या वाट्याची रक्कम आत्ताच भरतो." अजून दोन निळ्या टिकांपलीकडे काही आलेलं नाही. संध्याकाळी खाली जाऊन भेटतो.

आजचा संकल्प: "देवाची इच्छा" म्हणण्याआधी पहिली चार मोजायची.

राम कृष्ण हरी.