भीती उपदेशाने जात नाही

विरार आणि पालघर यांच्यामध्ये पश्चिम रेल्वेची वैतरणा, सफाळे आणि केळवे रोड ही मोजकी स्थानके येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकाच मालिकेत या दोन गावांतल्या दोन मुलांनी कसोटी पदार्पण केले. विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉने ४ ऑक्टोबरला राजकोटला पहिल्याच डावात १३४ धावा काढल्या आणि पदार्पणात शतक ठोकणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. आठ दिवसांनी हैदराबादला पालघरच्या शार्दूल ठाकूरने दहा चेंडू टाकले, स्नायू दुखावला आणि त्या सामन्यात तो गोलंदाजीला परत आलाच नाही. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात, पुन्हा एकाच मालिकेत, फासे उलटे पडले. ॲडलेडला पृथ्वीच्या नावापुढे ० आणि ४ लागले आणि पुढच्या कसोटीत त्याची जागा गेली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला शार्दूल आपली दुसरी कसोटी खेळत होता. भारत ६ बाद १८६ असताना तो फलंदाजीला आला, पॅट कमिन्सला षटकार मारून त्याने खाते उघडले आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी रचत ६७ धावा केल्या. सामन्यात सात बळीही घेतले. अशा वेळी आपण ‘जिद्द’ हा शब्द वापरून मोकळे होतो. पण जिद्द हे झाल्या गोष्टीला मागाहून दिलेले नाव आहे. दहा चेंडूंत पदार्पण आटोपलेला माणूस पुन्हा उभा राहतो तेव्हा त्यात नशिबाचा, तब्येतीचा आणि संधीचा वाटा असतोच. शिवाय भीती असूनही काम करत राहण्याची एक सवय लागते, आणि ती कुणीतरी, कधीतरी, लहानसहान पायऱ्यांनी लावून द्यावी लागते. प्रशिक्षकाचे खरे काम हे आहे. धीराचे शब्द त्यात फारच थोडी जागा व्यापतात.

शार्दूलच्या शाळकरी वयाकडे पाहिले की हे काम किती साध्या गोष्टींनी सुरू होते ते दिसते. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्याच शाळेविरुद्ध खेळताना पाहिले आणि आपल्याकडे मागितले. घरच्यांना ते पटेना, आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते. पालघर ते बोरिवली पन्नासेक किलोमीटर, तोंडावर दहावी, आणि रोज लोकलमध्ये जाणारे तासन्‌तास. लाड यांनी ‘मोठी स्वप्ने पाहा’ असे प्रवचन दिले नाही. मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्याच शाळेत त्याआधी रोहित शर्माची फी परवडत नव्हती, तेव्हा त्यांनी ती माफ करून घेतली होती. २०२२ मध्ये लाड यांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात फलंदाजीचे तंत्र जितके होते, तितकाच हा हिशेबही होता. मुलाच्या वाटेत आडवी येणारी भीती पुष्कळदा मुलाची नसते, घराची असते. तिला वेळापत्रक असते, भाडे असते, बोर्डाची परीक्षा असते. ती काल्पनिक समजून तिच्यावर शब्दांची फुंकर घालणारा माणूस घरच्यांचा विश्वास गमावतो. ती खरी मानून तिचे एखादे कारण दूर करणाऱ्याच्या हाती मूल सोपवले जाते.

मानसशास्त्राने हीच गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली आहे. अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सापाला अतोनात घाबरणाऱ्या माणसांवर प्रयोग केला. काहींना निर्भयपणे साप हाताळणाऱ्यांचे चित्रण दाखवले. काहींना शरीर सैल सोडून सापाची टप्प्याटप्प्याने कल्पना करायला शिकवले. तिसऱ्या गटासमोर मार्गदर्शकाने स्वतः साप हाताळला आणि मग त्यांच्याकडून एकेक कृती करवून घेतली. गरज पडली तिथे आधार दिला आणि जमू लागताच तो काढून घेतला. सर्वाधिक फायदा या तिसऱ्या गटाला झाला. पुढे १९७७ मध्ये बंडुरांनी ‘मला हे जमेल’ या खात्रीचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, कुणीतरी पटवून देणे, आणि आपल्या शरीराच्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला सर्वांत भक्कम. नुसत्या पटवण्याने आलेली खात्री मात्र पहिल्याच अपयशात कोसळू शकते. सभागृहात टाळ्या घेणारे प्रेरणादायी व्याख्यान दुसऱ्या दिवशी ओसरते, त्याचे कारण इथे आहे. ऐकणाऱ्याने अजून काही केलेलेच नसते. चांगला प्रशिक्षक म्हणूनच बोलण्याआधी कामाचा आकार बदलतो. भीती वाटेल पण पळून जावेसे वाटणार नाही, एवढाच तुकडा तो पुढ्यात ठेवतो, आणि तो जमला की पुढचा.

शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणे मिळे. सत्र संपेपर्यंत तो नाबाद राहिला तर ते त्याचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवल्याचे सर्वश्रुत आहे. बक्षीस म्हणून रुपया किरकोळच. पण दिवसभर खेळून पाय जड झालेले असताना, सगळे गोलंदाज एकाच विकेटसाठी टपलेले असताना टिकून राहण्याचा सराव त्या रुपयाने घडवला. बाद होण्याची भीती तशीच ठेवून तिची किंमत मात्र एका रुपयावर आणली, म्हणजे मुलाला ती रोज पेलता आली.

आधार आणि आव्हान यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे खरे बोलणारी नजर. शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. २०११ मध्ये त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला. आपले कौशल्य एका पातळीवर येऊन थांबले आहे असे जाणवल्यावर त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या आपल्या निवृत्त गुरूंना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते पाहण्याची विनंती केली. ऑस्टीन यांनी टिपलेल्या गोष्टी बारीक होत्या: गावंडे यांचे कोपर मधूनमधून वर उचलले जात होते आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, तरी बराच वेळ ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर या चुका कुणी दाखवल्या नसत्या, कारण नामवंत माणसाला त्याच्या हाताखालचे टोकत नाहीत. इथली भीती अपयशाची नाही. आपण अजून शिकतो आहोत हे दुसऱ्यांना दिसण्याची आहे. आपल्याकडे ही दुसरी भीती फार मोठी आहे. कार्यालयातला वरिष्ठ, कॉलेजातला प्राध्यापक, बँकेतला अधिकारी यांनी पन्नाशीला मार्गदर्शक घेतला तर लोक म्हणतील, ‘यांना एवढेही येत नाही?’ प्रशिक्षणाला आपण मुलांच्या खात्यात टाकून ठेवले आहे, ते यामुळे.

वसई-विरारमध्ये मोठ्या माणसांना या खात्यात आणणारी एक गोष्ट घडली. २०११ पासून महापालिकेची महापौर मॅरेथॉन सुरू झाली आणि नोकरी-संसार सांभाळणारे लोकही धावण्याच्या सरावाकडे वळले. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा नवख्याला पहिल्या दिवशी धडकी भरवतो. सराव करून घेणारा जाणता माणूस तो आकडा काढतच नाही. आधी चालणे, मग चालता चालता थोडे धावणे, बोलता येईल इतकाच वेग, आठवड्यातून एक लांब पल्ला आणि तोही बेताबेताने वाढवत नेलेला. छाती धपापली की जीव घाबरा होतो; ‘हा थकवा आहे, धोका नाही’ हे तिथल्या तिथे सांगणारा माणूस शेजारी लागतो. आणि छातीत खरेच दुखत असेल तर थांबवून डॉक्टरकडे पाठवणाराही तोच असावा लागतो. धडधडीचा अर्थ लावायला शिकणे म्हणजे काय, ते इथे उघड दिसते.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा की ही सारी जिंकलेल्यांची उदाहरणे आहेत. एका शार्दूलमागे उत्तम प्रशिक्षक मिळूनही कुठेच न पोचलेली शेकडो मुले असतील. शाळकरी सामन्यात ५४६ धावा काढणाऱ्या पृथ्वीलाही चांगले शिक्षक लाभले होतेच. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षणाने यश मिळते असा दावा करू नये. भारताच्या संघात जागा अकरांनाच असते. दावा याहून लहान आहे: प्रशिक्षणाने प्रयत्नाची प्रत सुधारते. नोकरीच्या ठिकाणच्या मार्गदर्शनावरचे अनेक अभ्यास एकत्र करून थीबूम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जो आढावा घेतला, त्यात कामगिरी, ताण झेलण्याची क्षमता आणि ध्येयाच्या दिशेने स्वतःला आवरण्याची सवय या सगळ्यांवर अनुकूल परिणाम दिसला. चमत्कार त्यात नव्हता. जे मूल पुढे क्रिकेट सोडून बँकेच्या परीक्षेला बसते, ते ही सवय सोबत नेते.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो अधिक टोकदार आहे. ‘लाइफ कोच’ म्हणवून घ्यायला भारतात परवाना लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला मात्र नोंदणी लागते. शिकवणीचे कारखाने तर पालकांच्या भीतीवरच चालतात. मागे पडाल, ही धास्ती आधी पेरायची आणि मग तिच्यावरचा उतारा वर्षाच्या फीमध्ये विकायचा. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि खोट्या हमी देऊ नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढावी लागली, यात सगळे आले. पण यावरून प्रशिक्षणच खोटे ठरत नाही; निवडायला निकष लागतात एवढे ठरते. हा माणूस माझ्याकडून या आठवड्यात नेमके काय करवून घेणार आहे? चूक झाली तर ती मला स्पष्ट सांगेल का? माझी अडचण त्याच्या आवाक्याबाहेरची असेल, भीतीने झोप उडाली असेल, तर मला डॉक्टरकडे पाठवेल का? आणि त्याच्यावाचून माझे चालू लागावे अशी त्याची इच्छा आहे का? बंडुरांच्या प्रयोगात आधार काढून घेणे हा उपचाराचाच भाग होता. जो मार्गदर्शक दरवर्षी नवा वर्ग विकतो आणि जुन्या शिष्याला मोकळा करत नाही, तो भीतीचे ग्राहक सांभाळतो आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. भीती मनात असते असे म्हणून आपण समाजाचा दोष माणसाच्या माथी मारतो, असे टीकाकार म्हणतात. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरताना वाटणारी भीती हा काही विचारांचा दोष नाही. ज्या मुलीला रात्री आठनंतर सरावावरून एकटे परतायचे आहे, तिला आत्मविश्वासाचे धडे देणे ही चेष्टा आहे. हे पूर्ण मान्य. मात्र यातून निघणारा निष्कर्ष प्रशिक्षणाच्या विरोधात जात नाही, तो त्याच्या जागेविषयी काही सांगतो. लाड यांनी आपल्या घराचे दार उघडले ही त्यांची थोरवी. पण एका मुलासाठी एका शिक्षकाने घर उघडावे यावर कुठल्याही शहराची व्यवस्था उभी राहत नाही. २००९ मध्ये महापालिका झालेल्या वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर होती, आणि पालघर २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. एवढ्या वस्तीतल्या गुणी मुलाला पहिला चांगला प्रशिक्षक गाठण्यासाठी बोरिवली किंवा वांद्र्याची गाडी पकडावी लागत असेल, तर निवड गुणांची होत नाही. ज्यांना तो प्रवास झेपतो त्यांचीच होते.

आपल्याकडे क्रीडासंकुल बांधले की क्रीडाधोरण पुरे झाले असे मानण्याची रीत आहे. कोनशिलेवर नावे येतात, मैदानाला कुंपण लागते, पण तिथे रोज संध्याकाळी उभा राहणारा, मुलांची नावे माहीत असलेला, पगारी आणि प्रशिक्षित माणूस अंदाजपत्रकात सहसा सापडत नाही. हेच वाचनालयांना आणि अभ्यासिकांनाही लागू आहे: टेबल-खुर्ची मिळते, ‘मुलाखतीत तू इथे अडखळतोस’ असे सांगणारे कुणी मिळत नाही. भीती टप्प्याटप्प्याने, कुणाच्या तरी सोबतीने आणि खऱ्या सरावानेच कमी होत असेल, तर ती सोबत घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही नागरी सोय आहे. नळाचे पाणी आणि रस्त्यावरचे दिवे आपण ज्या हक्काने मागतो, त्याच हक्काने प्रत्येक प्रभागातल्या मैदानासाठी एक प्रशिक्षक मागायला हवा, आणि त्याचे काम पदकांवर न मोजता, वर्षाअखेरीस किती मुले त्याच्या मदतीवाचून सराव करू लागली यावर मोजायला हवे.