धुरजड

बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली बाप-लेकाची गाडी फडातून निघाली तेव्हा दिवस कलला होता. मुकादमाची उचल फेडायची, म्हणजे खेपा वाढवायच्या. त्या घाईत पोराने मोळ्या हाताला येतील तशा रचल्या होत्या. पुढचं अंग चढलेलं, मागची बाजू निम्मी रिकामी.

शंभर पावलं झाली नाहीत तोच बैल थांबले. माना खाली गेलेल्या, तांबड्याचे पुढचे पाय थरथरत होते.

"माजलेत नुसते," म्हणत पोराने चाबूक उगारला.

बापाने हात धरला. "बैल मागनं बघ. आधी गाडी बघ."

त्याने धुरेखाली टेकू लावला, बैल सोडले. "आता जू उचल." पोराने अंगातला सगळा जोर लावला. जू बोटभरही हललं नाही.

"वजन चाकानं पेलायचं, बैलानं नुसतं वढायचं. तू दोन्ही कामं त्येच्यावरच टाकलीस."

दोर सोडून पुढच्या दहा मोळ्या मागे गेल्या. जू आता उचललं गेलं, हाताला जरासं जड लागलं. "एवढं राहू दे," बाप म्हणाला. अगदी हलकं ठेवलं, तर बारक्या चढालाही गाडी मागे कलून उलाळ होते.

दोन टन ऊस, आसापासून जू तीन मीटरवर. भाराचा मध्य आसाच्या पुढे फक्त १५ सेंटिमीटर गेला, तरी जुवावर १०० किलो येतात. म्हणजे सिमेंटची दोन पोती, प्रत्येक बैलाच्या वाट्याला एक. ते मानेवर घेऊन बैल कारखान्यापर्यंत चालतो, खांदेसूज होऊन बसतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण उसात एक कांडंही कमी करावं लागत नाही. फक्त दहा मोळ्यांची जागा बदलायची असते.

वाटेत चढ लागला. उसाची रास आसाच्या बरीच वर असते. गाडी मागे कलली की भारही मागे सरकतो, जू वर उचललं जातं आणि गळ्याच्या जोत्याने बैलाचा श्वास कोंडतो. बाप काही न बोलता पुढे सरकून धुरेवर बसला. उतार आला तसा उतरून मागे गेला आणि दोराला लोंबकळला. पोरगा मागे वळून वळून बघत होता.

कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची लांबच लांब रांग होती. दहा पावलं पुढं, मग थांबा. पुन्हा दहा पावलं. चालत्या गाडीपेक्षा थांबलेली गाडी हलवायला कितीतरी जास्त जोर लागतो. न्यूटनने १६८७ साली मांडलेला जडत्वाचा नियम रांगेतल्या प्रत्येक थांब्याला बैलांच्या खांद्यावर येऊन बसतो.

तिसऱ्या थांब्याला पोरगा खाली उतरला. चाबूक उसात खोचला आणि चाकाला हात घातला. आधी मधोमध, मग थोडा वर, मग पार वरच्या कडेला. तिथे तोच जोर दुपटीने लागू पडतो, हे त्याच्या हातांना कळलं. पुढची गाडी हलली.

"हां, चल राजा," तो तांबड्याला म्हणाला आणि बैलांच्या आधी त्याने चाक ढकललं.